तलवारीने कापलेला केक, जुने रील आणि भरतीचा अर्ज

सातारा जिल्ह्यातील एका आईने नाव न छापण्याच्या विनंतीसह सविस्तर पत्र पाठवले आहे. त्याचा गोषवारा असा. त्या अंगणवाडी सेविका आहेत. मुलगा वीस वर्षांचा असून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो; पहाटे मैदान, दिवसा कॉलेज, संध्याकाळी अकादमी. तो बारावीत, म्हणजे सतरा वर्षांचा असताना मित्राच्या वाढदिवसाला चौकात तलवारीने केक कापला गेला, तलवार हातात घेतलेले त्याचे रील इन्स्टाग्रामवर फिरले आणि काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. "साहेबांनी झापले, कागदावर सह्या घेतल्या आणि सोडून दिले," इतकेच घरच्यांना ठाऊक आहे. मुलगी अभियांत्रिकीची पदवीधर. तिला अमेरिकेत एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतील सोशल मीडिया खाती विचारली आहेत, आणि तिने फीवाढीविरुद्ध तसेच राजकीय विषयांवर बरेच लिहिलेले आहे. अकादमीतील एक सर मुलाला सांगतात, "सगळे डिलीट कर आणि अर्जात 'नाही' लिही, कोण बघतेय?" मुलगीही सगळी खाती बंद करायला निघाली आहे. आईचे प्रश्न तीन आहेत: दोघांनी सगळे पुसून टाकावे का, त्या एका व्हिडिओमुळे मुलाची नोकरी जाईल का, आणि अर्जात काय लिहायचे?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. अकादमीतल्या सरांचा सल्ला तुमच्या मुलाने मुळीच ऐकू नये. सतराव्या वर्षी केलेला मूर्खपणा अधिकारी समजून घेऊ शकतात, न्यायालये तर अनेकदा समजून घेतात. पण विसाव्या वर्षी, स्वतःच्या सहीने, पोलीस खात्यालाच दिलेली खोटी माहिती समजून घ्यायला कोणी बांधील नाही. लेखी आणि मैदानी परीक्षेत निवड झाल्यानंतर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो आणि त्याआधारे चारित्र्य पडताळणी होते. आपल्याला कधी अटक झाली आहे का, खटला भरला गेला आहे का, न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्यांनी बंधपत्र घेतले आहे का, एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे प्रश्न अशा नमुन्यात असतात. पडताळणीसाठी कागद तुमच्याच हद्दीतील ठाण्यात जातो, आणि ठाण्यांच्या गुन्ह्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात असल्याने "दुसऱ्या जिल्ह्यातून भरती झालो तर कळणार नाही" हा समजही खोटा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हा विषय बारकाईने हाताळला आहे, आणि भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याचा सारांश माहीत असायला हवा असे मला वाटते. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. ती दडवली किंवा खोटी दिली तर नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब असेल, जी सांगितली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर ती दडवल्याकडेही नोकरी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येते, असेही न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या बाजूने, माहिती खरी दिली म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असा हक्क निर्माण होत नाही. निर्णय घेण्याचा अधिकार खात्याकडे राहतो. म्हणजे खरे सांगण्यात थोडी जोखीम आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण खोटे सांगण्यातील जोखीम त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि ती सेवेत लागल्यानंतर काही वर्षांनीही अंगावर येऊ शकते, जेव्हा घरात त्या पगारावर कर्ज घेतलेले असते आणि लग्न ठरलेले असते.

आता त्या सह्यांकडे येऊ. "कागदावर सह्या घेतल्या" या तुमच्या एका वाक्यात सगळे प्रकरण दडलेले आहे, कारण तो कागद कोणता होता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एक शक्यता अशी की ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस होती. आपल्याकडे सणासुदीला, मिरवणुकीआधी, आंदोलनाआधी पोलीस सर्रास देतात तीच ही '१४९ ची नोटीस'. तुमच्याकडून दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ती समज असते, ती म्हणजे गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तिची जागा कलम १६८ ने घेतली आहे. दुसरी शक्यता अदखलपात्र नोंदीची, जिला सगळे 'एनसी' म्हणतात. तिसरी, प्रतिबंधक कारवाईची, म्हणजे ज्याला ठाण्यात 'चॅप्टर केस' म्हणतात आणि जिच्यात चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले जाते; साक्षांकन नमुन्यातील बंधपत्राचा प्रश्न नेमका इथे लागू होतो. आणि चौथी शक्यता, प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाल्याची. तलवार, कोयता घेऊन रील करणाऱ्यांवर महाराष्ट्रात शस्त्र अधिनियम, १९५९ ची कलमे ४ व २५ आणि मनाई आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे ३७ व १३५ लावली जातात. वर्तमानपत्रातल्या छोट्या बातम्यांत ही कलमे तुम्ही वाचली असतील. कित्येक मुलांना आपण यांपैकी कशावर सही केली हेच माहीत नसते, आणि त्या अज्ञानापोटी कोणी नसलेला गुन्हा लिहून बसतो, तर कोणी असलेला गुन्हा लिहीत नाही.

म्हणून पहिले काम हे की, मुलाला घेऊन त्या ठाण्यात जा आणि त्या प्रसंगाची नोंद कोणत्या स्वरूपाची आहे हे विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर पाहता येतात, पण तिथे नाव सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण अल्पवयीन मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे.

अल्पवयीन हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रसंग घडला त्या दिवशी तुमचा मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता ही त्याच्या बाजूची सर्वांत मजबूत गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रात ती जाता जाता आली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले त्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. अत्यंत गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढाप्रमाणे वागवले गेले असेल तेवढाच अपवाद. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी हे या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे तर असा अत्यंत गंभीर गुन्हा नसेल आणि तो प्रौढांसोबत मिळून केलेला नसेल, तर मुलाविरुद्ध एफआयआर दाखल न करता ठाणे दैनंदिनीत नोंद करायची असते. इथे एक गोष्ट तपासा: ज्या मित्राचा वाढदिवस होता तो, किंवा चौकातील इतर कोणी, त्या दिवशी अठरा पूर्ण होता का? असेल तर एफआयआर झाल्याची शक्यता वाढते.

नोंदीचे स्वरूप कळले की साक्षांकन नमुन्यातील प्रश्नाचे नेमके शब्द आणि ती नोंद, दोन्ही वकिलापुढे ठेवा. प्रश्न "अटक झाली होती का" असा असेल आणि अटक झालेलीच नसेल, तर 'नाही' हे खरे उत्तर आहे आणि ते निर्धास्तपणे लिहावे. 'नाही' लिहिणे आणि खोटे लिहिणे यांत हा फरक आहे, आणि तो अकादमीत बसून ठरवता येत नाही. बाल न्याय कायद्याचे संरक्षण असताना काय आणि कोणत्या शब्दांत नमूद करायचे, हाही वकिलाला विचारण्याचाच प्रश्न आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर सातारा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना, तसेच स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

हे सगळे होईपर्यंत मुलाने ते रील डिलीट करू नये. तुम्हाला हे उलटे वाटेल. पण एखादे प्रकरण अजून प्रलंबित असेल, तर पुरावा म्हणून सादर होऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती सादर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आज ते रील सार्वजनिक असेल तर खाते खाजगी करावे किंवा रील अर्काइव्हमध्ये टाकावे, म्हणजे ते लोकांना दिसणार नाही आणि नष्टही होणार नाही. प्रकरण प्रलंबित नाही अशी खात्री वकिलाने दिली की मग ते जरूर काढून टाकावे. हत्यार मिरवणारा व्हिडिओ राखून ठेवण्यासारखा नाहीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यानंतर फोन घेऊन शांतपणे बसण्याचे काम आहे, आणि ते मुलाने स्वतः करावे. तुम्ही त्याच्याकडून पासवर्ड घेऊन करू नका. आधी लॉगआउट होऊन, दुसऱ्याच्या फोनवरून, एखादा अनोळखी माणूस पाहील तसे आपले खाते पाहायचे. प्रोफाइल फोटो काय आहे? हँडलमध्ये 'भाई' आहे का? बायोमध्ये ३०२ किंवा ३०७ लिहिले आहे का? जुन्या दंड संहितेतले खुनाचे आणि खुनाच्या प्रयत्नाचे कलम नावापुढे बिरुदासारखे लावणारी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी कोणाला चापटही मारलेली नसते, पण पडताळणीला बसलेल्या हवालदाराला ते ठाऊक नसते. मग कोणाला फॉलो केले आहे ते पाहायचे. पुण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी शहरातील सराईत गुन्हेगारांना आयुक्तालयात एकत्र बोलावून दहशत दाखवणारी रील्स टाकू नका अशी तंबी दिली होती. पोलीस सोशल मीडिया पाहत नाहीत असे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले आहेत. गल्लीतल्या 'दादां'ची फॅन पेजेस, त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, जामिनावर सुटल्याच्या मिरवणुकीवर टाकलेले हार्ट, हे सगळे मुलाने स्वतःहून सोडावे, कारण त्याला ज्या खात्यात जायचे आहे त्याचे काम याच्या बरोबर उलटे आहे.

इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये 'युवर अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचा भाग आहे. तिथे आजवर केलेल्या कमेंट आणि लाइक एकत्र दिसतात आणि निवडून काढता येतात. माझा अनुभव असा की मुलांना आपल्या पोस्ट आठवतात, कमेंट आठवत नाहीत, आणि खरी घाण बहुधा कमेंटमध्येच असते: क्रिकेटच्या सामन्यानंतर खेळाडूच्या आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या, एखाद्या मुलीच्या फोटोखाली लिहिलेले, दुसऱ्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल रागाच्या भरात लिहिलेले. हे काढायचे ते केवळ नोकरीसाठी नव्हे. ज्या माणसाला ते लागले असेल तो खरा आहे, आणि शक्य असेल तिथे त्याची माफीही मागावी. इतरांनी टॅग केलेल्या गोष्टींमधून स्वतःचा टॅग काढता येतो आणि यापुढे आपल्या परवानगीशिवाय टॅग लागू नये अशी सोय करता येते. फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एकदम मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात. मित्राच्या खात्यावर तेच रील असेल तर त्याला भेटून विनंती करावी. त्याचाही फायदा त्यातच आहे. नाव आणि जुने हँडल गूगलवर मराठीत आणि रोमन लिपीत शोधून पाहावे. मूळ पान काढून टाकल्यावरही शोधात दिसत राहिले, तर कालबाह्य मजकूर हटवण्यासाठी गूगलकडे अर्ज करता येतो. आणखी एक बाब मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. आकडेवारी दिसते म्हणून अनेकांनी आपले खाते 'प्रोफेशनल' करून ठेवलेले असते, आणि १० जुलै २०२५ पासून अठरा वर्षांवरील वापरकर्त्यांच्या सार्वजनिक प्रोफेशनल खात्यांवरील पोस्ट गूगलसारख्या शोधयंत्रांत दिसू शकतात.

"तुमचे प्रोफाइल स्वच्छ करून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही पैसे आणि पासवर्ड देऊ नका.

आता मुलीबद्दल. तिचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची भावाच्या प्रश्नात सरमिसळ होऊ देऊ नका. अमेरिकेच्या व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडिया खाती विचारली जातात. १८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एफ, एम आणि जे प्रवर्गातील, म्हणजे विद्यार्थी आणि विनिमय कार्यक्रमांच्या, सर्व अर्जदारांच्या ऑनलाइन अस्तित्वाची तपासणी होईल असे जाहीर केले आणि त्यांना आपली खाती सार्वजनिक करण्याची सूचना दिली. त्याच महिन्यात दिल्लीतील अमेरिकी दूतावासाने अर्जात खाती न नमूद केल्यास व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढील व्हिसांसाठीही अपात्रता येऊ शकते, असे स्पष्टपणे सांगितले. प्रश्न 'वापरलेल्या' खात्यांचा आहे. त्यामुळे तिने आज खाते बंद केले तरी त्याचे हँडल अर्जात लिहावेच लागेल, आणि लिहिलेले हँडल उघडल्यावर तिथे काहीच नसेल तर पाहणाऱ्याच्या मनात नसलेली शंका उभी राहील. तिने खाती बंद करू नयेत, रिकामीही करू नयेत. पाच वर्षांतली सगळी आठवून, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी उघडलेले आणि विसरलेले पानसुद्धा, प्रामाणिकपणे लिहावीत.

फीवाढीविरुद्ध तिने लिहिले याची तुम्हाला धास्ती वाटते. मला त्यात काढून टाकण्यासारखे काही दिसत नाही. शिक्षण परवडावे म्हणून संयत भाषेत बोलणारी विद्यार्थिनी ही तिची ओळख असेल, तर ती चांगली ओळख आहे. तिने तपासायच्या गोष्टी निराळ्या आहेत. हिंसेचे समर्थन, एखाद्या समाजाबद्दल द्वेष, अमली पदार्थांवरचे विनोद, हे एक. दुसरे, "एकदा गेले की परत येणार नाही" अशा धर्तीच्या मैत्रिणींबरोबरच्या गमतीच्या पोस्ट. विद्यार्थी व्हिसा शिक्षण संपवून परतण्याच्या हेतूवर दिला जातो आणि अशी पोस्ट त्या हेतूलाच छेद देते. तिसरे, लिंक्डइनवरच्या तारखा. तिथे नोकरीचे किंवा इंटर्नशिपचे महिने अर्जातल्या महिन्यांशी जुळत नसतील तर आधी ते नीट करावे. आणि खाते सार्वजनिक करण्यापूर्वी मोबाइल नंबर, घराचा पत्ता, नातेवाइकांच्या लहान मुलांचे फोटो काढावेत आणि अनोळखी लोकांच्या मेसेजना बंदी घालावी. मुलीचे खाते सर्वांना खुले झाले की कोण काय पाठवेल याचा नेम नसतो, आणि त्या त्रासाची तयारी तिने आधीच केलेली बरी.

तिच्या राजकीय लेखनाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण तुमच्या पत्रात "पोरांनी काही लिहूच नये" असा सूर आहे आणि त्यामागची भीती मला समजते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती आणि दुसरीने ती लाइक केली होती. त्या घटनेतून उभी राहिलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे शेअर केली. धमक्या येऊ लागल्यावर तिने काही तासांतच ती काढली आणि माफीही मागितली. तरी तिला अटक झाली, कॉलेजने तिला काढून टाकले आणि सत्र परीक्षा तिच्या हातून निसटू लागल्या. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला कडक शब्दांत सुनावले, तिला जामीन दिला आणि परीक्षेला बसता यावे म्हणून कॉलेजचा आदेश स्थगित केला.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेते. पोस्ट काढल्याने आणि माफी मागितल्याने तिची अटक टळली नाही, म्हणून तणावाच्या दिवसांत, युद्ध, दंगल, निवडणूक असताना, दुसऱ्याचे काहीही रागाच्या भरात पुढे ढकलण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी; जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून शहर पेटले तेव्हा चोवीस तासांत नाहीसे होणारे स्टेटससुद्धा स्क्रीनशॉटमध्ये कायमचे उरले. आणि दुसरी गोष्ट, एका मुलीच्या भवितव्यावर कॉलेजने आणि सरकारने इतक्या घाईने घाव घालणे चुकीचे होते, हे आपण पालकांनी आणि शिक्षकांनी स्पष्टपणे म्हणायला हवे. मुलांना जपून वागायला शिकवताना, त्यांच्यावर झालेला अन्याय हा त्यांच्याच चुकीचा परिणाम आहे असे त्यांना वाटू देणे मला मान्य नाही. विचार मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे, त्याच्या मर्यादाही त्याच कलमात आहेत, आणि तुमच्या मुलीने त्या मर्यादेत राहून लिहिले असेल तर तिला मान खाली घालायचे कारण नाही.

"खाजगी ग्रुपमध्ये होते" या समजुतीवर मात्र दोघांपैकी कोणीही विसंबू नये. हार्वर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रवेश दिलेल्या किमान दहा विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले होते, कारण त्यांनी फेसबुकवरील एका बंद ग्रुपमध्ये लैंगिक अत्याचारावर आणि विविध समाजांवर अत्यंत हीन विनोद टाकले होते. ग्रुप बंद होता. त्यातली माणसे बंद नव्हती.

खाजगी कंपन्यांचे तुम्ही विचारले नाही, पण मुलगी परतल्यावर किंवा मुलाने वाट बदलल्यास तो प्रश्न येईलच. तिथे नोकरी देण्यापूर्वी पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि लिंक्डइन तर पाहिलेच जाते. शिवीगाळ, जुन्या मालकाची निंदा आणि खोटी प्रमाणपत्रे एवढे टाळले तरी तिथले बहुतेक काम होते. सरकारी नोकरीत मात्र नेमणुकीनंतरही बंधने असतात. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडिया वापराच्या सूचना काढल्या आहेत. मुलाने त्या आत्ताच वाचून ठेवाव्यात, म्हणजे ज्या नोकरीसाठी तो पहाटे धावतो आहे ती काय मागते हे त्याला कळेल.

घरात हे बोलायचे कसे, याबद्दल एकच सांगते. तुमच्या पत्रावरून दिसते की त्या रीलवरून तीन वर्षे घरात भांडणे होत आहेत आणि प्रत्येक वेळी बहीण हुशार, भाऊ वाया गेलेला असा निकाल लागतो. तो थांबवा. पहाटे साडेचारला उठून मैदानावर जाणारा मुलगा वाया गेलेला नाही. त्याने खरे सांगावे असे आपल्याला वाटत असेल तर खरे सांगण्याची किंमत घरात तरी त्याला मोजावी लागू नये. त्या दिवशी ठाण्यात काय घडले, कोण कोण होते, कशावर सही केली, हे त्याला एकदा न अडवता सांगू द्या आणि ते तारखांसह कागदावर लिहून घ्या. हाच कागद पुढे वकिलाला लागणार आहे.

विधी सेवा प्राधिकरणात जाताना हा कागद, मुलाचा जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र, प्रसंगाची तारीख दिसेल असा रीलचा स्क्रीनशॉट, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आणि साक्षांकन नमुन्याची प्रत एवढे सोबत न्या. भरतीची जाहिरात येण्याची वाट पाहू नका. माहितीच्या अधिकारातील उत्तराला साधारणतः तीस दिवसांची मुदत असते, आणि ते उत्तर हातात असताना अर्ज भरायला बसलेले बरे.